‘आता वय झाले’ या वाक्याने पाय खरेच थकतात का?

मागील अंकात गुडघेदुखीविषयी लिहिताना मी असे म्हटले होते की, दुखणे गुडघ्यात असते, परंतु चालणे बंद करण्याचा निर्णय बहुतेक वेळा गुडघा घेत नाही. त्या वाक्यावर कोल्हापूर शहरातून आणि आसपासच्या गावांतून पत्रे आली. त्यांपैकी सहा येथे थोडी संक्षिप्त करून घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी ६९ वर्षांची निवृत्त शिक्षिका असून राजारामपुरीत राहते. दोन वर्षांपूर्वीपर्यंत मी रोज पहाटे शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात तासभर चालत असे आणि वर्षातून एकदा तरी जोतिबाच्या डोंगरावर पायी जात असे. एका लग्नात मी पंगतीत वाढायला उभी राहिले, तेव्हा नात्यातल्या एका बाईंनी माझ्या हातातले भांडे काढून घेतले आणि ‘आता वय झाले तुमचे, तुम्ही बसा’ असे म्हणून मला खुर्ची दिली. त्यांचा हेतू चांगलाच होता. परंतु ते वाक्य माझ्या मनातून गेले नाही. थंडीचे निमित्त होऊन पहाटेचे फिरणे सुटले ते सुटलेच, आणि आज दुसऱ्या मजल्यावर जाताना मला मध्येच थांबावे लागते. मनाने एखादी गोष्ट मानली म्हणून शरीर खरोखर खचते का?

उत्तर : आधी दम लागण्याविषयी लिहिते. आपली दमछाक मनामुळे आहे, असे मी तपासणीशिवाय म्हणणार नाही. हिमोग्लोबिन, थायरॉइड, रक्तदाब, साखर आणि हृदयाचा आलेख एवढे तरी या आठवड्यात पाहून घ्यावे, कारण दोन वर्षांत चढण्याची ताकद इतकी कमी झाली असेल आणि ती आपण वयाच्या खात्यावर टाकून दिली असेल, तर उपचार करण्याजोगे एखादे कारण तसेच राहून जाण्याचा संभव आहे.

आता मूळ प्रश्न. अमेरिकेतील ओहायो राज्यात ऑक्सफर्ड नावाचे एक छोटे गाव आहे. तेथील पन्नाशी ओलांडलेल्या रहिवाशांची एक दीर्घकालीन पाहणी १९७५ मध्ये सुरू झाली आणि तिच्यात त्यांच्यापुढे काही साधी विधाने ठेवण्यात आली. वय वाढते तशी परिस्थिती बिघडतच जाते, वय वाढले की माणूस कमी उपयोगाचा होतो, गेल्या वर्षी होता तेवढाच उत्साह मला आजही आहे, अशा धर्तीची ती विधाने होती आणि ती आपल्याला पटतात की नाही, एवढेच सांगायचे होते. पुढे येल विद्यापीठातील संशोधक बेका लेव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या उत्तरांचा त्या माणसांच्या पुढील आयुष्याशी मेळ घातला. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ६६० जणांची माहिती होती, आणि स्वतःच्या वाढत्या वयाकडे अधिक अनुकूल नजरेने पाहणारे लोक इतरांपेक्षा सरासरी साडेसात वर्षे अधिक जगल्याचे तिच्यातून दिसले. वय, लिंग, आर्थिक स्थिती, एकटेपणा आणि सुरुवातीची शारीरिक क्षमता हिशेबात घेतल्यावरही हा संबंध टिकून राहिला. आयुष्याच्या आकड्याची चर्चा पुष्कळ झाली. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो याच गावाच्या माहितीवर त्याच वर्षी प्रसिद्ध झालेला दुसरा अभ्यास, कारण त्यात माणसे किती जगली हे न पाहता, घरातली जड कामे करणे, जिना चढणे, चालणे यांची क्षमता किती वर्षे टिकली हे पाहिले होते, आणि तेथेही सुरुवातीचे मत अनुकूल असणाऱ्यांची क्षमता पुढील वर्षांत अधिक चांगली राहिली होती. आयर्लंडमधील ज्येष्ठांच्या राष्ट्रीय पाहणीतही असेच आढळले. ज्यांना वार्धक्याविषयी अधिक प्रतिकूल वाटत होते, त्यांच्या चालण्याचा वेग दोनच वर्षांत इतरांपेक्षा अधिक कमी झाला.

मत पायांपर्यंत पोहोचते कसे, हे आपल्या पत्रातच आपण लिहिले आहे, फक्त त्याकडे आपले लक्ष गेलेले नाही. वाक्य ऐकल्यानंतर आपले स्नायू लगेच दुबळे झाले नाहीत. आधी पहाटेचे फिरणे थांबले. पन्नाशीनंतर स्नायूंचे वस्तुमान दरवर्षी साधारण एक ते दोन टक्क्यांनी घटते आणि ताकद त्याहून लवकर घटते. ही घट रोज चालणाऱ्या माणसालाही टळत नाही, परंतु जो बसून राहतो त्याच्यात तिचा वेग पुष्कळ वाढतो. मग जिना चढताना दम लागतो, आणि तो दमच ‘वय झाले’ याचा पुरावा ठरतो. मत आधी कृती बदलते, कृती शरीर बदलते आणि बदललेले शरीर त्या मताला दुजोरा देते. हे चक्र मी माझ्याकडे येणाऱ्या ज्येष्ठांमध्ये इतक्या वेळा पाहिले आहे की, गुडघ्याचा एक्स-रे पाहण्याआधी मी आता ‘आपण चालणे नेमके कधी आणि कोणत्या दिवसापासून सोडले?’ असे विचारते. त्या प्रश्नाला फार वेळा एखादा प्रसंग हेच उत्तर येते, कुणाचे तरी वाक्य, निवृत्तीचा समारंभ, जोडीदाराचे जाणे किंवा बरोबरच्या मैत्रिणीचे पडणे.

याखेरीज आणखी एक वाट आहे आणि ती अधिक घातक आहे. जे माणूस दुखणे हे वयाचेच लक्षण मानते, ते डॉक्टरांकडे जातच नाही. कमी ऐकू येणे, मोतीबिंदू, बी-१२ ची कमतरता, झोपेच्या गोळ्यांमुळे येणारी सुस्ती, रक्तदाबाच्या औषधामुळे उठल्याबरोबर येणारी चक्कर, ही सगळी कारणे चालण्यावर थेट परिणाम करतात आणि यांतील बहुतेकांवर उपाय आहे. परंतु घरात कुणी विचारले तर उत्तर ठरलेले असते, की आता काय, चालायचेच.

आपल्या भाषेत फळही पिकते आणि पानही पिकते. फळ पिकले की त्याला गोडी आली असे आपण म्हणतो, पान पिकले की ते गळणार असे म्हणतो, आणि म्हाताऱ्या माणसाला उपमा मात्र हटकून पानाचीच देतो. शब्दांच्या अशा सवयी लहानपणापासून कानांवर पडत असतात. तेव्हा त्या दुसऱ्यांविषयी असतात, म्हणून आपण त्यांना विरोध करत नाही. आणि साठीच्या पुढे त्या स्वतःला लागू करण्याची वेळ येते तेव्हा विरोध करण्याची सवयच उरलेली नसते.

तपासण्या ठीक निघाल्या तर पुन्हा सुरुवात करावी. विद्यापीठाची फेरी पहिल्या दिवशी नको. घराजवळच्या बागेत दहा मिनिटे सपाटीवर चालावे, बोलता येईल पण गाता येणार नाही एवढ्या गतीने, आणि दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवावीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत ज्येष्ठांसाठीही आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला आहे आणि त्याच्या जोडीला आठवड्यातून तीन दिवस तोल आणि ताकद यांचे व्यायाम सांगितले आहेत. पुढच्या लग्नात कुणी खुर्ची दिली तर ती जरूर घ्यावी, परंतु वाढण्याची एक पंगत पूर्ण झाल्यावर.

प्रश्न : माझे वय ७३, शिवाजी पेठेत राहतो. तरुणपणी पेठेतल्या तालमीत होतो, गावोगावच्या जत्रांत कुस्त्या केल्या, खासबागच्या मैदानातही उतरलो आहे. त्या काळी पाचशे बैठका मारत होतो. आता जिना उतरताना कठडा धरावा लागतो. मुलगा म्हणतो, घरी वीस बैठका मारा. ज्याने पाचशे मारल्या त्याने वीस मारून काय करायचे? मला त्याची लाज वाटते. जे शरीर होते ते गेले, असे मी मनाशी धरले आहे.

उत्तर : आपले पत्र मी दोनदा वाचले. कोल्हापूरने शरीराचा जेवढा मान राखला तेवढा फार थोड्या शहरांनी राखला असेल. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, खासबागचे मैदान उभे केले, आणि आजही पेठापेठांतून तालमी उभ्या आहेत. परंतु या परंपरेत एक अडचण आहे आणि ती मी आदरानेच मांडते. आपण पैलवानाच्या शरीराचे कौतुक करतो ते त्याच्या भराच्या वर्षांचे. लंगोट ठेवल्यानंतर पुढची चाळीस वर्षे ते शरीर कसे राखावे याचा धडा तालमीत फारसा मिळत नाही. मेहनत थांबते, कित्येकांचा खुराक मात्र तसाच राहतो, वजन वाढते, गुडघ्यांवर भार येतो, आणि मग माणूस आपल्या आजच्या शरीराची तुलना पंचविशीतल्या शरीराशी करून हार मानतो. इतर लोक म्हातारपणाची तुलना शेजाऱ्याशी करतात, पैलवान ती स्वतःशीच करतो, आणि म्हणूनच त्याचे मत इतरांपेक्षा अधिक कडवट होते.

आपल्याला वीस बैठकांची लाज वाटते, म्हणून बॉस्टनमधील एका प्रयोगाविषयी सांगते. तो १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. वृद्धांच्या शुश्रूषागृहात राहणाऱ्या १०० अशक्त माणसांवर तो केला होता आणि त्यांचे सरासरी वय ८७ होते. त्यांतील काहींना दहा आठवडे मांड्यांच्या आणि कंबरेच्या स्नायूंसाठी वजनाचा व्यायाम दिला गेला, तोही नाममात्र नव्हे, तर चांगला जड. त्यांच्या स्नायूंची ताकद दुपटीहून अधिक झाली आणि चालण्याचा वेग सुमारे १२ टक्क्यांनी वाढला. सत्याऐंशीव्या वर्षी स्नायू मेहनतीला असा प्रतिसाद देत असेल, तर त्र्याहत्तराव्या वर्षी ‘जे शरीर होते ते गेले’ हे विधान खरे नाही. पाचशे बैठकांचे शरीर परत येणार नाही हे खरे आहे. कठडा न धरता जिना उतरणारे शरीर येऊ शकते.

मात्र खोल बैठका आणि जोर यांनी सुरुवात करू नये. भिंतीला टेकवलेल्या पक्क्या खुर्चीवर बसावे, हात छातीशी घ्यावेत, आणि सावकाश उठून त्याहून सावकाश बसावे. आठ ते दहा वेळा, असे दोन-तीन फेर, एक दिवस आड. सोपे वाटू लागले की पाठीवर पिशवीत वजन घ्यावे. श्वास रोखू नये, कारण श्वास रोखून जोर लावल्यास रक्तदाब एकदम चढतो आणि जुन्या पैलवानांना तीच सवय असते. आपल्याला रक्तदाब, हृदयविकार किंवा हर्निया असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.

एक विनंतीही करते. हे सगळे घरी एकट्याने करण्याऐवजी पेठेतल्या तालमीत सकाळी जाऊन करावे. तेथील मुले आपल्याला वस्ताद म्हणतील, डाव विचारतील, आणि हौद्याच्या कडेला उभे राहून पकड कशी घ्यावी हे दाखवताना आपण पंधरा मिनिटे वाकाल, वळाल, पाय रोवून उभे राहाल. लाल मातीत वाढलेल्या माणसाला यापेक्षा चांगला तोलाचा व्यायाम मी सुचवू शकत नाही. त्या मुलांनाही त्र्याहत्तर वर्षांचा माणूस मेहनत करताना दिसेल.

प्रश्न : माझ्या सासूबाई ७६ वर्षांच्या आहेत. आम्ही त्यांना काहीही काम करू देत नाही. पाणी हातात, ताट हातात, कपड्यांच्या घड्यासुद्धा मीच घालते. तरीही त्या दिवसेंदिवस मंद होत चालल्या आहेत आणि ‘मी आता तुमच्यावर ओझे झाले’ असे म्हणतात. आमचे कुठे चुकते?

उत्तर : आपण जीव लावून करता आहात, आणि ‘चुकते’ हा शब्द मी वापरणार नाही. परंतु सासूबाईंच्या जागी बसून एक दिवस पाहावे. सकाळपासून रात्रीपर्यंत त्यांना एकदाही स्वतःच्या पायांनी स्वयंपाकघरापर्यंत जाण्याचे कारण उरलेले नाही. ज्या बाईने पन्नास वर्षे घर ओढले, तिला घरात आपल्याविना काहीही अडत नाही हे रोज दिवसभर दिसत असेल, तर ‘ओझे’ हा शब्द तिला दुसऱ्या कुणी शिकवावा लागत नाही.

काम परत द्यावे, परंतु बसून करण्याचेच देऊ नये. मेथी-कोथिंबीर निवडायला देणे चांगले, पण त्याने बोटे चालतात, पाय चालत नाहीत. तुळशीला पाणी घालणे, दोरीवरचे कपडे काढून आणणे, देवघरातली पूजा, कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध किंवा फुले आणणे, संध्याकाळी नातवाला खेळायला नेणे, अशी कामे द्यावीत की ज्यांत उठणे, वाकणे, हात वर करणे आणि चार घरे ओलांडणे घडेल. वेळ अधिक लागेल. घड्या वाकड्या पडतील. त्या पुन्हा सरळ करू नयेत, निदान त्यांच्यासमोर तरी.

त्या पडतील ही भीती आपल्या मनात असणार, आणि ती खोटी नाही. भीतीवर उपाय बसवून ठेवणे हा नाही, कारण बसून राहिलेल्या माणसाचा तोल आणखी बिघडतो. न्हाणीघरात आणि संडासात पकडायला दांडा बसवावा, ओल्या फरशीवर पायपुसणे घसरणार नाही असे टाकावे, रात्री दिवा ठेवावा, चष्म्याचा नंबर पाहून घ्यावा. तोल आणि ताकद यांच्या नियमित व्यायामाने ज्येष्ठांच्या पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी कमी होते, असे अनेक देशांतील प्रयोग एकत्र करून २०१९ मध्ये काढलेल्या निष्कर्षातून दिसते. ओट्याला हात टेकून एका पायावर दहा सेकंद उभे राहणे, मग दुसऱ्या, एवढ्याने सुरुवात होते. आपणही त्यांच्याबरोबर करावे.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो, वय ६६. आपला मागील लेख वाचून मनात शंका आली. ज्याची तब्येत चांगली आहे, त्यालाच म्हातारपण चांगले वाटणार. मग चांगल्या विचारांमुळे तब्येत चांगली राहते असे म्हणणे म्हणजे कारण आणि परिणाम यांची उलटापालट नव्हे काय? शिवाय आजारी माणसाला ‘तुझे विचारच वाईट’ असे सांगण्याची सोय यातून होते, ती मला क्रूर वाटते.

उत्तर : दोन्ही आक्षेप रास्त आहेत आणि दुसरा अधिक रास्त आहे.

पहिल्याविषयी. तब्येत मत घडवते, यात शंका नाही. म्हणूनच वर सांगितलेल्या पाहण्यांत सुरुवातीची तब्येत हिशेबात धरली होती. अमेरिकेतील न्यू हेवन शहरातल्या आणखी एका पाहणीत तर सुरुवातीला कोणतेही अपंगत्व नसलेलेच सत्तरीपुढचे लोक घेतले होते. म्हातारी माणसे म्हटले की मनात येणारे पहिले पाच शब्द त्यांना विचारले गेले, आणि पुढे १२९ महिन्यांपर्यंत दरमहा त्यांची चौकशी झाली. अंघोळ, कपडे घालणे, खुर्चीतून उठणे आणि चालणे ही कामे ज्यांना मध्ये कधी तरी जमेनाशी झाली, त्यांच्यापैकी अनुकूल शब्द सांगणारे लोक गंभीर अवस्थेतून पूर्ण बरे होण्याची शक्यता ४४ टक्क्यांनी अधिक होती. ५९८ जणांचा हा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. तरीसुद्धा ही निरीक्षणे आहेत, प्रयोग नव्हेत. ज्याच्याकडे पैसा, शिक्षण आणि माणसे आहेत त्याला आशा बाळगणे सोपे जाते, आणि हे सगळे आकडेशास्त्राने पूर्णपणे वेगळे काढता येत नाही.

प्रयोगही झाले आहेत. १९९९ मध्ये ६३ ते ८२ वयाच्या ४७ जणांना अर्धा तास संगणकावर एक खेळ दिला गेला. त्यात डोळ्यांना जाणवणारही नाही इतक्या झटकन शब्द चमकत होते. ज्यांना वार्धक्याविषयी चांगले शब्द दाखवले, त्यांचा चालण्याचा वेग सुमारे ९ टक्क्यांनी वाढला. हा आकडा फार उद्धृत होतो, परंतु मी त्यावर एकट्यावर भिस्त ठेवत नाही. ४७ माणसे थोडी आहेत, आणि या जातीच्या प्रयोगांचा इतिहास गुळगुळीत नाही. वार्धक्याचे शब्द वाचून तरुण विद्यार्थी हळू चालू लागले, असे १९९६ मध्ये गाजलेल्या एका प्रयोगात दिसले होते, आणि २०१२ मध्ये बेल्जियममधील संशोधकांनी तो पुन्हा केला तेव्हा तसा परिणाम मिळाला नाही. म्हणून मी शब्दांच्या जादूवर विश्वास ठेवत नाही. मत माणसाला उठवते किंवा बसवते, आणि शरीर त्याप्रमाणे घडत जाते, एवढ्यावरच माझा भर आहे.

दुसऱ्या आक्षेपाला मी पूर्ण शरण आहे. संधिवाताने बोटे वाकलेल्या बाईला किंवा पक्षाघाताने एक बाजू गेलेल्या माणसाला ‘सकारात्मक राहा’ असे सांगणे हा उपचार नाही आणि सांत्वनही नाही. बेका लेव्हींच्याच २०१४ मधील एका प्रयोगात, निरोगी वृद्ध माणसाची कल्पना करून लिहायला सांगणे ही उघड पद्धत नकळत पोहोचवलेल्या शब्दांपेक्षा कमी पडली होती. मला त्याचे आश्चर्य वाटले नाही. उपदेशाने मत बदलत नाही. गेल्या महिन्यात जमत नव्हते ते या महिन्यात जमले, म्हणजे मत बदलते. म्हणून दोष त्या माणसाच्या विचारांना देऊ नये. त्याला जमेल असे पहिले पाऊल कोणते, हे शोधण्याची जबाबदारी आम्हा डॉक्टरांची, फिजिओथेरपिस्टांची आणि घरच्यांची आहे.

प्रश्न : आम्ही कागल तालुक्यातले. माझी आई ७८ वर्षांची. अंगणात घसरून खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली, डॉक्टरांनी चालवायला सांगितले आहे. परंतु तीन आठवडे झाले, ती खाटेवरून उतरतच नाही. म्हणते, ‘आता माझे झाले सगळे, मला त्रास देऊ नका.’ येणारे-जाणारेही ‘या वयात हाड मोडले म्हणजे संपलेच’ असे तिच्या उशाशी बोलतात. काय करावे?

उत्तर : घाई करावी. या उत्तराची वाट न पाहता मी आपल्याला पत्राने तेच कळवले होते, पण इतर घरांसाठी येथे पुन्हा लिहिते. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर शक्य असेल तर दुसऱ्याच दिवशी रुग्णाला आधाराने उभे करतात, आणि त्याला कारण आहे. सरासरी ६७ वर्षांच्या निरोगी माणसांना केवळ दहा दिवस अंथरुणात ठेवल्यावर त्यांच्या दोन्ही पायांतून मिळून जवळजवळ एक किलो स्नायू गेल्याचे अमेरिकेतील एका प्रयोगात २००७ मध्ये दिसले होते. ती माणसे धडधाकट होती, त्यांचे हाड मोडलेले नव्हते. आपल्या आईचे तीन आठवडे गेले आहेत.

आई उठत नाही याचे कारण आधी दुखण्यात शोधावे. वेदनाशामक पुरेसे नसेल, पोट साफ होत नसेल, रात्री झोप नसेल, किंवा मन खरोखर आजारी पडले असेल, तर ‘त्रास देऊ नका’ हे त्याच सगळ्यांचे एकत्र बोलणे असते. नैराश्य हा आजार आहे, त्याला औषध आहे, आणि ते म्हातारपणाचा भाग नाही. शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना हे सगळे सांगून औषधे बदलून घ्यावीत आणि फिजिओथेरपिस्टला घरी बोलवावे. पहिले ध्येय ‘चालणे’ असे ठेवू नये, ते आईला डोंगराएवढे वाटेल. खाटेच्या कडेला पाय सोडून बसून चहा पिणे हे पहिल्या दिवसाचे काम. वॉकर धरून खिडकीपर्यंत, हे पुढचे. मग दारापर्यंत, मग अंगणापर्यंत, आणि जेथे पडल्या त्या जागेपर्यंत त्यांना एक दिवस मुद्दाम न्यावे, आपण हात धरून.

जेवणाकडे लक्ष द्यावे. अशा वेळी घरोघरी भात आणि पातळ आमटी एवढेच दिले जाते, त्यात स्नायू भरून येण्याएवढी प्रथिने नसतात. वजनाच्या दर किलोमागे रोज एक ते सव्वा ग्रॅम प्रथिने लागतात. दूध, दही, मुगाची मऊ उसळ, पिठले, अंडे, चालत असल्यास मऊ शिजवलेले मटण, हे दिवसभरात वाटून द्यावे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

आणि भेटायला येणाऱ्यांना दारातच सांगावे. आपल्याकडे हे अवघड आहे, वडीलधाऱ्यांना गप्प करणे उद्धटपणाचे वाटते, हे मी जाणते. परंतु उशाशी बसून ‘संपलेच’ असे म्हणणारा पाहुणा आईच्या पायातली ताकद घेऊन जातो. ज्यांची आई, आत्या किंवा शेजारीण अशा मोडीनंतर पुन्हा चालू लागली, असे कुणी तालुक्यात असेल तर त्यांना मुद्दाम बोलवावे, आणि जमले तर त्या बाईंनाच आणावे.

प्रश्न : माझी ताकद वयाच्या मानाने ठीक आहे की कमी, हे घरच्या घरी कसे समजावे? (वय ७०, ताराबाई पार्क)

उत्तर : दोन गोष्टी पाहाव्यात. सपाट जागी सहा मीटर अंतर खडूने आखावे, थोडे मागून चालायला सुरुवात करून नेहमीच्या गतीने ते ओलांडावे आणि कुणाकडून वेळ मोजून घ्यावी. सहा सेकंदांपेक्षा अधिक वेळ लागला, तर वेग कमी आहे. नंतर हात छातीशी घेऊन खुर्चीतून पाच वेळा उठावे आणि बसावे. याला बारा सेकंद किंवा अधिक लागले, तर पायांची ताकद कमी समजावी. आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये ठरवलेल्या या मर्यादा आहेत. पहिल्या वेळी जवळ कुणी तरी उभे असावे. आकडे तारखेसह दिनदर्शिकेवर लिहावेत, तीन महिने वर सांगितलेला खुर्चीचा व्यायाम करावा, आणि पुन्हा मोजून ते मला कळवावेत. आकडे सुधारले नाहीत तरी कळवावेत.